दादऱ्याखालचा मध

मित्रांनो, माझ्या पोटात काय आहे हे बाहेरून कुणाला कधीच दिसलं नाही, आणि माझ्या आयुष्यातला सगळा घोळ त्यापायीच झाला. मी चिनी मातीची बरणी. खाली पांढरी, गळ्याशी तपकिरी, पाच किलोची. आता जुनी झाले आहे, काठाचा टवकाही उडाला आहे, पण बोटाच्या पेराने वाजवून बघा, आवाज अजून खणखणीत येतो.

माझा जन्म सौराष्ट्रातल्या थानगढचा. तिथल्या भट्टीत भाजून निघाले आणि गवतात गुंडाळून ट्रकने सुरतेला आले. चौकबाजारातल्या एका दुकानात उषाताईंनी मला पसंत केलं. पसंत करताना त्यांनी मला दोनदा उलटी केली, आत कोपरापर्यंत हात घातला आणि टिचक्या मारून पाहिल्या. तेव्हा मला रागच आला होता. आपली एवढी पारख कशाला, मी काय घरजावई आहे? पण उषाताई बँकेत नोकरीला होत्या आणि पारखल्याशिवाय काही घरात घ्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

घर पर्वत पाटियाजवळच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात माणसं तीन. उषाताई, त्यांचे यजमान अशोक सर आणि तेरा वर्षांची गौरी. सर मराठी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि त्यांना मधाचं भारी वेड. कुणी गावाला निघालं की सर हळूच त्याच्या हातात रिकामी बाटली द्यायचे. अशा सहा बाटल्या फळीवर जमल्या होत्या. जांभळाचा मध काळसर आणि गिळल्यावर जिभेवर जरा कडू. ओव्याच्या मधाला खरोखर ओव्याचा झणका. मोहरीचा मध थंडी पडली की थिजून पांढरा व्हायचा. शिवाय तिळाचा, करंजाचा आणि कारवीचा. त्या सगळ्या बाटल्या काचेच्या. उन्हात चमकायच्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या.

मुरडू देत. माझ्या पोटात धुडकूचा रानमध होता. बाकीच्या सहाजणींचा मिळून जेवढा, त्याहून जास्त.

धुडकू लिंबायतला राहायचा आणि लूमच्या कारखान्यात माग चालवायचा. त्याची मुलगी सरांच्या वर्गात होती. दर वैशाखात तो सातपुड्यातल्या आपल्या गावी जायचा आणि येताना आग्या माश्यांच्या पोळ्यांचा मध आणायचा. फडक्यातून गाळलेला, धुराचा जरासा वास असलेला. माझ्यात ओतून झाला की उषाताई झाकण ठेवायच्या आणि वरून पांढरं फडकं बांधायच्या. त्या फडक्याला दादरा म्हणतात. दादरा बांधला की मला उगाचच पदर घेतल्यासारखं वाटायचं.

रविवारी सकाळी या घरात एक खेळ चालायचा. टेबलावर सातही मध मांडायचे. गौरीच्या डोळ्यांवर सरांचा रुमाल बांधायचा. उषाताई गरम फुलक्याच्या तुकड्यावर एकेक मध घालून तिला द्यायच्या आणि तिने नाव सांगायचं. दोन मधांच्या मध्ये चार कुरमुरे आणि घोटभर पाणी. चमचा मात्र दर वेळी पुसून कोरडा, कारण मधाला थेंबभर पाणी सोसत नाही, हे सर बजावून सांगायचे. गौरी कधी चुकायची नाही. "आ तो करंज छे, पप्पा, सहेलुं आप्युं," म्हणजे हा तर करंज, सोपा दिलात, असं ती गुजरातीत म्हणायची आणि सर खुशीत टेबल बडवायचे. घरातले ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

शहाण्णव सालच्या जूनमध्ये सरांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोड बंद केलं. उषाताईंनी साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. रविवारचा खेळ चालू राहिला, पण सरांनी फक्त वास घ्यायचा. सर हसून म्हणाले, "चालेल. मला वासानेही कळतं."

पण चाललं नाही. सर सकाळच्या पाळीला शाळेत जायचे आणि दुपारी एकला घरी यायचे. उषाताई बँकेत, गौरी दुपारच्या शाळेत. घरात सर आणि आम्ही. पहिल्या दिवशी ते फळीसमोर नुसते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा दादरा सोडला. काचेच्या बाटल्यांतला मध कमी झालेला लगेच दिसला असता. माझं पोट कुणाला दिसत नाही, म्हणून त्यांनी मला निवडलं. एक चमचा त्यांनी तोंडात घातला, डोळे मिटले आणि स्वतःशीच म्हणाले, "मध म्हणजे औषध. त्याला कुठे साखर म्हणतात."

मधात कोणकोणत्या साखरा असतात ते सातवीच्या फळ्यावर दर वर्षी लिहिणारा हा माणूस. मला हसावं की रडावं ते कळेना. एकाचे दोन चमचे झाले, दोनाचे चार. मी हलकी होत चालले.

माझ्यात किती आहे, ते उषाताई मला उचलूनच ओळखायच्या. श्रावणात एकदा त्यांनी मला फळीवरून खाली घेतलं आणि जरा थबकल्या. "मध बराच संपला की," त्या म्हणाल्या. सर वर्तमानपत्रात तोंड घालून बसले होते. त्यांनी पानही उलटलं नाही.

दुसऱ्या दुपारी सरांनी गूळ काढला. उषाताईंचे भाऊ कऱ्हाडहून दर वर्षी सुंठ घातलेल्या गुळाच्या वड्या पाठवायचे. तो डबा गौरीच्या ताब्यात असायचा, जेवणानंतर तोंडात टाकायला. सरांनी मूठभर वड्या पातेल्यात टाकल्या, पाणी घातलं आणि तो पाक आटवून माझ्यात ओतला. रंग जमला. वजनही जमलं. सरांनी माझा गळा रुमालाने पुसला आणि दादरा बांधला. मित्रांनो, मला किती किळस आली म्हणून सांगू. आपल्या पोटात खोटं भरलंय आणि आपल्याला ओकताही येत नाही.

असं तीनदा झालं. चौथ्या वेळी पाक अजून पाण्यासारखा पातळ होता आणि दाराची बेल वाजली. गौरीची शाळा लवकर सुटली होती. सरांनी घाईघाईने ते गरम पाणी तसंच माझ्यात ओतलं, ओला डाव वरवर फिरवला, झाकण ठेवलं आणि दार उघडायला गेले. ती भाद्रपदातली दुपार होती. सुरतेचा उकाडा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, त्या दिवसांत भिंतीलाही घाम येतो.

आठवड्याभरात माझ्या पोटात काहीतरी सुरू झालं. आधी बारीक बुडबुडे. मग फेस. मग आतून दाब यायला लागला. झाकण वर उठायला बघायचं आणि दादरा त्याला खाली दाबायचा. मी चिनी मातीची, मला ताणता येत नाही, फुगता येत नाही. तडकण्याखेरीज मला काही करता येत नाही. शेजारची जांभळाची बाटली घाबरून मला म्हणाली, "तुझ्यातून कसला आवाज येतोय?"

नेमक्या त्याच दिवसांत धुडकूचं काम निघालं. मागांच्या खडखडाटाने त्याचा डावा कान पुरता गेला होता आणि उजवाही जाऊ लागला होता. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं की, आता कारखाना सोड, नाहीतर दुसऱ्या कानाची आशा सोड. शाळेत शिपायाची जागा रिकामी होती. सरांनीच त्याचं नाव सुचवलं होतं. संस्थेचे चिटणीस श्रीरंगराव माणूस बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत. त्यांनाही मधाची आवड, म्हणून उषाताईंनी बेत आखला. रविवारी श्रीरंगरावांना मध चाखायला बोलवायचं आणि धुडकूलाही बोलवायचं. त्याचाच मध चाखता चाखता ओळख होऊन जाईल.

शनिवारी दुपारी सरांनी माझ्याकडे हात नेला आणि ते दचकले. दादरा वर टरारून आला होता. त्यांनी गाठ सोडली तसा फेस काठावरून उतरला आणि आंबूस वास घरभर झाला. सरांचं तोंड पांढरंफटक पडलं. मला मोरीत ओतून टाकावं, तर उद्या काय मांडायचं? उषाताईंना सांगावं, तर काय सांगायचं? मी मनात म्हणत होते, सांगा सर, आज सांगा, आज फक्त बायको रागवेल. सरांनी फेस पुसला, झाकण दाबलं आणि दादरा करकचून बांधला. निरगाठ मारली. उषाताई नेहमी सुरगाठ मारायच्या.

रविवार उजाडला. श्रीरंगराव नऊच्या ठोक्याला आले. शांत, नेटके, कमी बोलणारे. धुडकू इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि दाराजवळच्या खुर्चीच्या कडेला टेकला. बोलणाऱ्याकडे उजवा कान करून तो बसायचा. येताना त्याने चार सीताफळं आणली होती, ती त्याने कुणाला न सांगता दाराशी ठेवून दिली.

जांभूळ झाला, ओवा झाला, तीळ झाला. श्रीरंगरावांना कारवीचा फार आवडला. गौरीने डोळे बांधून सगळे ओळखले आणि श्रीरंगरावांनी तिचं कौतुक केलं. सर कपाळ पुसत होते. पंखा पाचावर होता.

"आता शेवटचा," उषाताई म्हणाल्या. "हा धुडकूभाऊंच्या डोंगरातला."

"आज तो राहू दे," सर म्हणाले. "चाखून चाखून कंटाळले असतील ते."

"अहो, ज्यांच्यासाठी बोलावलं त्यांचाच मध वगळायचा?" उषाताईंनी मला टेबलावर घेतलं आणि गाठीला हात घातला. गाठ सुटेना. "ही निरगाठ कुणी मारली?"

त्यांनी सुरीच्या टोकाने गाठ सोडवली. दादरा सैल झाला मात्र, झाकण टण्‌कन उडून जमिनीवर पडलं आणि फेस भसाभसा टेबलावर आला. उषाताईंच्या साडीवर उडाला, करंजाच्या बाटलीवर उडाला. मी लाजेने मेल्यासारखी झाले.

तरी श्रीरंगरावांनी चमचा बुडवला आणि जिभेला लावला. मग उठून बेसिनपाशी जाऊन चूळ भरून आले. "आंबलंय हे," ते म्हणाले. "गुळाचं पाणी कालवलंय यात."

"हवेमुळे झालं असेल," सर पुटपुटले.

"हवा बाकीच्या सहा बाटल्यांनाही तीच आहे, सर." श्रीरंगरावांनी आवाज चढवला नाही. "शाळेच्या किल्ल्या आणि प्रयोगशाळेतलं अ‍ॅसिड ज्याच्या ताब्यात द्यायचं, तो माणूस मला असा चालणार नाही."

धुडकूला फेस दिसला होता, चेहरे दिसले होते, शब्द मात्र नीट ऐकू आले नव्हते. त्याने शेजारी उभ्या गौरीला विचारलं, "काय म्हनतात ते?"

गौरीने आईकडे बघितलं. मग धुडकूच्या उजव्या कानाशी वाकून तिने मोठ्याने सांगितलं. मोठ्यानेच सांगावं लागलं. "काका, ते म्हणतात, तुम्ही मधात गुळाचं पाणी घातलं."

एरवी आमच्या घरी धुडकू जपून पुस्तकी मराठी बोलायचा. त्या क्षणी त्याची अहिराणी बाहेर आली. "मना मध खरा शे, बाई. मी त्यामा काहीच नही टाकं." तो टेबलापाशी आला, माझ्या काठावरचा फेस त्याने बोटावर घेतला आणि चाखला. मग त्याने सोडवलेल्या दादऱ्याकडे बघितलं आणि नंतर सरांच्या हातांकडे. सरांनी हात मागे घेतले. धुडकूने मान खाली घातली आणि तो परत दाराकडे गेला. त्याला कळलं होतं. मला तर पहिल्या चमच्यापासून माहीत होतं. गप्प राहिलेले आम्ही तिघं, आणि त्यातल्या एकालाच बोलून उपयोग होता.

श्रीरंगराव चपला घालायला निघाले.

"थांबा," गौरी म्हणाली. "मी सांगते त्यात काय आहे." तिने स्वतःच डोळ्यांवर रुमाल बांधला. डोळे उघडे असले की आपल्याला नीट कळत नाही, असं ती नेहमी म्हणायची. चमचा पुसून तिने माझ्यात अगदी खोल घातला आणि चाखला. मग वरचं पाणी चाखलं. "खाली काकांचा मध आहे. त्याला धुराचा वास आहे. वर गूळ आहे." तिने जीभ टाळूला लावून पाहिली. "आणि सुंठ." तिने रुमाल काढला. "मम्मी, आ तो मामाचा गूळ छे."

सरांनीच तिची जीभ अशी तयार केली होती. आता त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

उषाताईंच्या मनात क्षणात सगळं जुळलं, पण चुकीचं जुळलं. "वड्यांचा डबा तुझ्याकडे असतो, गौरी," त्या म्हणाल्या. "तू मध खाल्लास आणि वर हे ओतलंस?"

"मी नाही."

"मग कोण? डब्याला हात कोण लावतं तुझ्याशिवाय?"

"मी नाही गं. पप्पा, तुम्ही सांगा ना, मी नाही." गौरी सरांकडे वळली. आपले पप्पा आता आपली बाजू घेतील अशी तिची खात्री होती. सर टेबलावरचा फेस पुसू लागले. गौरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मित्रांनो, त्या क्षणी मला खरंच तडकावंसं वाटलं.

तेवढ्यात दाराकडून आवाज आला. धुडकूला शब्द ऐकू आले होते की नाही कोण जाणे, पोरीचा चेहरा त्याला दिसला होता. "पोरीले काही बोलू नका, बाई," तो म्हणाला. "पानी मीच टाकं. चूक मनी शे." आणि तो दाराबाहेर पडायला निघाला. जागा गेली, कान जाणार, आता नावही गेलं, आणि हे सगळं त्याने आपल्या हाताने दुसऱ्याच्या लेकीसाठी सोडून दिलं.

"झालं," श्रीरंगराव म्हणाले. "कबूल केलं त्याने."

"खोटं बोलतोय तो."

हे सर बोलले होते. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "त्याने नाही घातलं आणि गौरीनेही नाही. मी घातलं. जूनपासून मी रोज चोरून मध खातोय. बरणी हलकी झाली, ते उषाच्या लक्षात आलं, म्हणून गुळाचं पाणी ओतलं. ती निरगाठ माझी आहे."

श्रीरंगरावांची एक चप्पल पायात होती आणि एक बाहेर. "आणि इतका वेळ तुम्ही गप्प बसलात?"

"बसलो."

उषाताई खाली बसल्या आणि त्यांनी गौरीला जवळ ओढलं. सर दारापाशी गेले, धुडकूच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि तेच सगळं त्याच्यासाठी पुन्हा एकदा, मोठ्याने बोलले. जिन्यात शेजारच्या माणसांनी दारं उघडून ऐकलं. सरांनी आवाज कमी केला नाही. शेवटी ते म्हणाले, "मला माफ कर, धुडकू." श्रीरंगराव जाताना त्याच्या कानाशी म्हणाले, "उद्या सकाळी साडेसहाला शाळेत या." सरांशी ते त्यानंतर कित्येक महिने कामापुरतंच बोलले.

मला मोरीत उपडी करून रिकामी केलं. उषाताईंनी राखेने आणि लिंबाने तीनदा घासलं, आणि रागाच्या भरात नळावर आपटलं. काठाचा टवका तेव्हा उडाला. मी तो मनावर घेतला नाही, त्यांना राग कुणावर तरी काढायचाच होता. पण आंबूस वास जाईना. मग मला माळ्यावर ठेवलं, जुन्या पाटाच्या मागे. तिथे मी आठ महिने होते. धूळ बसली, कोळ्याने जाळं केलं. ते काही नव्हतं. खालून रविवारचा आवाज येत नव्हता, त्याचं वाईट वाटायचं. गौरीने खेळ सोडला होता. सरांचा रुमाल धुऊन, घडी करून कपाटात गेला होता, आणि सर घरात पाहुण्यासारखे वावरत होते.

वैशाख आला आणि गेला. धुडकू आला नाही. यायचं तरी का त्याने?

मग एका रविवारी दार वाजलं. मला माळ्यावरून त्याचा आवाज ऐकू आला. तो मोठ्याने बोलायचा, पण आता पहिल्यापेक्षा कमी मोठ्याने. शाळेत घंटा त्याच्याच हातात होती आणि उजवा कान शाबूत राहिला होता. त्याने मधाचा डबा टेबलावर ठेवला. उषाताईंनी लगबगीने काचेची बाटली काढली.

"ती बरणी कुठं आहे?" धुडकूने विचारलं.

उषाताई घुटमळल्या. "तिला वास येतो, भाऊ. ती नको आता."

"काढा तर खरं."

मला खाली काढलं. धुडकूने माझ्यात नाक घालून वास घेतला, स्वतः धुतलं आणि गच्चीवर उन्हात ठेवून दुपारपर्यंत माझ्याजवळ बसला. कोरडी खडखडीत झाल्यावर त्याने गळ्यापर्यंत मध ओतला, झाकण ठेवलं, दादरा बांधला. सुरगाठ मारली. उषाताईंनी मला घ्यायला हात पुढे केले, पण त्याने मला त्यांच्याकडे दिलं नाही. तो सरांपुढे गेला आणि मला त्यांच्या हातांत ठेवलं.

"तुम्हीच सांभाळा, सर," तो म्हणाला.

सरांना मी पेलवेना. पाच किलोंनी कुणी असं वाकत नाही, पण सर वाकले. रडले. गौरी आत गेली आणि कपाटातून रुमाल घेऊन आली. या खेपेला तिने तो आपल्या डोळ्यांवर बांधला नाही, पप्पांच्या बांधला. मग दादरा सोडून मला त्यांच्या नाकाशी धरलं. "फक्त वास हं," ती म्हणाली. "ओळखा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. बरणी कोरडी ठेवा, चमचा पुसून घाला, आणि हातून पाणी पडलंच तर त्याच दिवशी सांगून टाका. शनिवारचं रविवारवर ढकलू नका. रविवारी तिथे दुसऱ्याची लेक उभी असते, नाहीतर आपलीच.

अजून दर रविवारी माझी गाठ सगळ्यांसमोर सुटते. उषाताई मला आजही उचलून वजन बघतात, सवयच ती. दर आठवड्याला मी थोडी हलकी झालेली असते. जेवढं खाल्लं तेवढीच.